हळदीत क्यू पॉइंट कसा लावावा

आंबिवली, मोहने, अटाळी, वडवली आणि आसपासच्या नवशिक्या डीजेंसाठी हे मार्गदर्शन आहे. सुरू करण्याआधी सामानाची यादी तपास: दोन प्लेअर किंवा एक लॅपटॉप, मिक्सर, हेडफोन, पेनड्राइव्ह आणि नवरदेवाच्या मामाशी बरे संबंध. शेवटची वस्तू दुकानात मिळत नाही, आणि तिच्यावाचून बाकीच्या चारही बिनकामाच्या.

पत्ता सोपा आहे. कसारा लाइनवर शहाडनंतर आणि टिटवाळ्याआधी उतरायचं. लग्नसराईत स्टेशनाबाहेर पाऊल टाकलंस की दोन-तीन दिशांनी बेस ऐकू येतो. त्यातली आपली हळद कोणती हे ओळखणं ही पहिली परीक्षा. चुकीच्या मांडवात शिरलास तरी जेवायला मिळेल, मानधन मिळणार नाही.

आता मुद्द्यावर येऊ. क्यू पॉइंट म्हणजे गाण्यात लावलेली खूण. गाणं थांबलेलं असताना क्यूचं बटण दाबलंस की खूण बसते, आणि वाजत असताना तेच बटण दाबलंस की गाणं त्या खुणेवर परत येऊन गप्प उभं राहतं. हा दुसरा प्रकार भर हळदीत आपोआप घडतो. म्हणून क्यूच्या बटणापासून पेला आणि पाहुण्यांची कोपरं हातभर लांब ठेव. हॉट क्यू वेगळा. तो दाबला की गाणं थांबत नाही, थेट त्या जागी उडी मारून वाजत राहतं.

1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर चक्क मेणखडूने रेघ मारायचा. तबकडी फिरताना रेघ कुठे येते यावर नजर ठेवून हवा तो ठेक्याचा तुकडा नेमका पकडायचा. तुझ्यापुढे रंगीबेरंगी उजेड पाडणारी आठ बटणं आहेत आणि तू अजून प्रत्येक गाणं पहिल्या सेकंदापासून लावतोस. खडूवाल्याची तरी लाज ठेव.

पहिला धडा साफसफाईचा. इंटरनेटवरून उतरवलेल्या रिमिक्सच्या सुरुवातीला कुठला तरी डीजे घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव सांगतो, एकदा सांगून भागत नाही म्हणून घुमवून तीनदा सांगतो. तुझी पहिली खूण त्याच्या पुढे. नाहीतर पैसे तू घ्यायचे आणि जाहिरात उल्हासनगरच्या डीजेची व्हायची. मधूनच त्याचं नाव पुन्हा येणार असेल तर त्याच्या आधी एक खूण आणि नंतर एक, म्हणजे तेवढा तुकडा उडवून पुढे जाता येतं.

दुसरा धडा महत्त्वाचा, तिथे नव्वद टक्के पोरं आपटतात. खूण शब्दावर लावू नये, समेवर लावावी. आपल्या बऱ्याच गाण्यांचा मुखडा समेच्या आधीच तोंड काढतो; गायक अर्धा शब्द बोलून झाला की मग ढोलक समेवर पडते. तू पहिल्या अक्षरावर खूण लावलीस आणि चालू गाण्याच्या समेवर बटण दाबलंस, तर नव्या गाण्याची सम तेवढीच मागे राहते. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पाय मात्र अडखळतात आणि मग शिव्या साउंडवाल्याला बसतात. म्हणून वेव्हफॉर्म मोठा कर, ठोक्याचा उभा कडा सापडेपर्यंत मागेपुढे सरक, आणि खूण बरोबर कड्यावर बसव. शब्दांसाठी दुसरी खूण वेगळ्या रंगाची. क्वांटाइझ चालू असेल तर यंत्र तुझी खूण त्याच्या मते बरोबर असलेल्या ठोक्यावर ओढतं. नव्या गाण्यात ते चालतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकीवाला उत्साहाच्या भरात लय वाढवत गेलेला असतो आणि यंत्राची सरळ रेघ दुसऱ्याच कडव्यात खोटी पडते. तिथे क्वांटाइझ बंद कर आणि कानावर भरवसा ठेव.

आता कोळीगीत. इथे सॉफ्टवेअर हात टेकतं. पायाने मोजलंस तर मिनिटाला 100 ठोके भरतील, स्क्रीन छातीठोकपणे 150 सांगेल. यंत्र खोटं बोलत नाही. चाल दादऱ्यासारखी, तीन-तीनच्या सहा मात्रांची; यंत्र चारचारात मोजायला शिकलेलं. त्या 150च्या नादाने कोळीगीताला आठ मात्रांचं सरळ गाणं जोडायला गेलास तर दोन ठेके एकमेकांच्या अंगावर पडतात आणि नाचणाऱ्या बायका चिखलात पाय रुतल्यासारख्या थांबतात. सिंकच्या बटणाला या प्रकरणात साक्षीदार करू नये. दोन्ही गाणी एकत्र वाजवायचा हट्ट सोड. कोळीगीताची ओळ पूर्ण होऊ दे, इको दे, आवाज काप, आणि पुढच्या समेवर नवीन गाण्याचा हॉट क्यू. मधल्या रिकाम्या क्षणात मंडळी आपणहून ओरडतात. तो आवाज फुकट मिळतो, घेऊन टाक.

‘झिंगाट’ला चार खुणा तयार ठेव. 2016पासून ते लावल्याशिवाय हळद लागत नाही, आणि एका रात्रीत ते किती वेळा मागितलं जाईल हे ज्याच्या हातात नोट आहे तो ठरवतो. दर वेळी वेगळ्या खुणेवरून सुरू केलंस तर निदान तुला स्वतःला कंटाळा येणार नाही.

धवलारीण गायला बसली की तुझे हात मिक्सरवरून खाली. तिच्या धवळ्यांची परंपरा तुझ्या पेनड्राइव्हपेक्षा बरीच जुनी. महदंबेने धवळे रचले ते तेराव्या शतकात. हळद लावताना कुठला विधी कधी हे तिला ठाऊक असतं, तिला कुणी खूण लावून द्यावी लागत नाही. उलट तीच तुला देते. ती कडवं संपवून पदर सावरते आणि नवरदेवाच्या आईकडे बघते, तिथे तुझी जागा. आधी घुसलास तर म्हाताऱ्या बायका एकसुरात म्हणतील, “आरं यो काय लावलंस?” आणि त्यापुढचं इथे छापता येणार नाही.

कार्ल्याच्या एकवीरेचं गाणं लागलं आणि कुणाच्या अंगात आलं, तर गाणं बदलायचं नाही, थांबवायचं तर नाहीच. ठेक्याचा स्वच्छ तुकडा बघून तिथे आधीच लूप बांधून ठेवलेला असावा. हळदकुंकू, नारळ, विचारपूस, सगळं होईपर्यंत तो तुकडा फिरत राहू दे. वारं उतरलं की आवाज हळूहळू खाली आण. या बाबतीत गंमत करू नये. मीही करत नाहीये.

पेनड्राइव्हचं थोडक्यात. गाणी नुसती कॉपी केली तर खुणा त्यांच्याबरोबर जात नाहीत. रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअरमधून रीतसर एक्सपोर्ट करावं लागतं, तेही एफएटी32 फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर. जुने सीडीजे एनटीएफएस वाचत नाहीत. हे मांडवात कळलं तर उशीर झालेला असतो. जनरेटर बंद पडला तरी पेनड्राइव्हवरच्या खुणा शाबूत राहतात, पोरांचा मूड राहत नाही.

शेवटचा हॉट क्यू, आठवा, लाल रंगाचा, रात्री दहासाठी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, म्हणजे दोन माणसं शांतपणे बोलतात साधारण तेवढी. नवरदेवाच्या मामाने नुसतं “जेवलात का?” विचारलं तरी ती मोडते. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सूट सरकार देऊ शकतं. त्यात तुझ्या यजमानाची हळद धरलेली नाही, त्याचं मत काहीही असो. तेव्हा या बटणावर अशा गाण्याचं शेवटचं मिनिट ठेव, जे आपसूक पूर्ण होतं. दहाला दोन मिनिटं कमी असताना दाब. मध्येच तार ओढून गाणं मारलं तर भांडण होतं. गाणं संपून शांतता झाली तर तीच माणसं पंगतीत जाऊन बसतात.

हिशोबाचा क्यू पॉइंट याच्या आधी येतो. विसार घेतलाच असशील. बाकीची रक्कम साडेनऊला, दहाव्या फर्माईशीनंतर, मामा घामाघूम होऊन खुर्चीत बसलेला असताना मागायची. दहानंतर मागितलीस तर उद्या वरातीत बघू म्हणेल, आणि वरातीला त्याने बँजो सांगितलेला असतो.