गवत, पाव, अंजीर आणि थोडा धूर

व्हर्जिनिया फ्लेकचा नवा डबा उघडला की पाइप ओढणारा माणूस आधी त्यात नाक घालतो. मग डोळे मिटतो. मग इतका वेळ गप्प राहतो की घरच्यांनी पाण्याचा पेला आणायला उठावं. शेवटी डोळे न उघडताच निकाल देतो, “वाळलेलं गवत. मागून ताजा पाव. आणि अगदी तळाशी, हं, अंजीर.” शेजारी बसलेला दुसरा पाइपवाला (ही जमात सहसा जोडीने आढळते) डबा आपल्याकडे ओढतो, हुंगतो आणि मान हलवतो. “अंजीर नाही. काळे मनुके.” या मुद्द्यावर अर्धा तास आरामात जातो. डब्यात तंबाखू आहे, असं मात्र दोघांपैकी एकही म्हणत नाही.

जाणकारांची परीक्षणं वाचायला घेतली तर महिन्याच्या वाणसामानाची यादी चुकून हातात आली की काय, अशी शंका येते. मध, लिंबाची साल, बेदाणे, जर्दाळू, भाजलेला ब्रेड, काळा चहा, व्हिनेगर. अमेरिकेत कॅन्सस सिटीला मॅक्लेलंड नावाची कंपनी होती. तिच्या व्हर्जिनिया तंबाखूचा डबा उघडला की टोमॅटो केचपचा वास यायचा. ही तक्रार नव्हती, ओळख होती. २०१८ साली कंपनी बंद पडली, तेव्हा केचपप्रेमी लोकांनी उरलेले डबे कपाटात कुलूप लावून ठेवले. खरा केचप त्याच कपाटाशेजारच्या फ्रीजमध्ये होता, पण त्याच्यासाठी कोणी हळहळलं नाही.

एवढ्यावरून ही सगळी थापेबाजी आहे, असं ठरवून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरायला हवा. यादीतला निदान अर्धा माल खरा आहे, आणि तो खरा का, हे कळायला उत्तर कॅरोलायनातल्या एका डुलकीपर्यंत मागे जावं लागतं.

सन १८३९. कॅसवेल परगण्यात अबायशा स्लेड नावाचा शेतमालक आणि त्याच्याकडे गुलाम म्हणून राबणारा स्टीफन नावाचा तरुण. तंबाखूची पानं वाळवायच्या कोठीतली आग सांभाळणं हे स्टीफनचं रात्रीचं काम. अशी गोष्ट सांगतात की त्याचा डोळा लागला, जाग आली तेव्हा आग विझत आलेली, आणि घाबरून त्याने जवळचा कोळसा तिच्यात लोटला. एकदम चढलेल्या कोरड्या उष्णतेने पानं तपकिरी व्हायची ती लख्ख पिवळी झाली. त्या पिवळ्या पानाला बाजारात असा भाव मिळाला की पुढे त्या भागाचं नशीबच पालटलं. नशीब अर्थात मालकाचं. स्टीफनला गुलामीतून सुटायला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपेपर्यंत थांबावं लागलं. तंबाखूच्या इतिहासातली ही सगळ्यात फायदेशीर डुलकी, आणि ती घेणाऱ्याला तिच्यातून काहीच मिळालं नाही.

आज पान वाळवायचं हेच काम नळ्यांमधून खेळवलेल्या गरम हवेने करतात आणि त्याला साधारण आठवडाभर लागतो. आधी मंद उबेत पान पिवळं होऊ देतात. त्या काळात पानातल्या पिष्टाची साखर होत असते. मग उष्णता वाढवून पान झटपट सुकवतात. साखर खाऊन टाकायला निघालेली पानातली विकरं तिथेच थंडावतात आणि साखर जागच्या जागी राहते. बर्ली जातीची पानं आठवडेच्या आठवडे सावलीत टांगून सुकवतात. ती पानं तेवढ्या वेळात आपली साखर आपणच संपवून बसतात. व्हर्जिनिया म्हणतात ती हीच पिवळी पानं. त्यांतल्या चांगल्या पानात कोरड्या वजनाचा पाचवा हिस्सा साखर सापडू शकते. आता साखर, नत्रयुक्त पदार्थ आणि ऊब एकत्र आली की काय होतं, हे पावाच्या भट्टीवाल्याला विचारावं. पावाचं कवच खरपूस करणारी जी रासायनिक क्रिया आहे, तीच इथेही घडते. म्हणजे डोळे मिटून “पाव” म्हणणारा माणूस भ्रमात नव्हता. चहाचंही तसंच. पानातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं मोडताना जे सुवासिक पदार्थ तयार होतात, त्यांतले काही काळ्या चहातही असतात. गवत तर काय, वाळलेलं पानच ते.

अंजिराबद्दल मात्र विज्ञान फारसं काही बोलत नाही.

फ्लेक म्हणजे या पानांची दाबून केलेली वडी आणि त्या वडीच्या कापलेल्या पातळ पट्ट्या. यातलं नाव काढलेलं घराणं इंग्लंडच्या उत्तरेला केंडल गावात आहे. लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवरचं हे पावसाळी गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक म्हणजे पुदिन्याची साखरवडी, जी १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग यांच्याबरोबर एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. दुसरी म्हणजे तंबाखू, जी एव्हरेस्टवर नेण्यात काही अर्थ नव्हता. सॅम्युअल गॉविथ ही कंपनी आपला वंशवृक्ष १७९२ पर्यंत मागे नेते. तपकीर दळायची यंत्रं तेव्हा ग्लासगोहून जनावरांच्या पाठीवर लादून आणली म्हणतात. पुढे घराण्यात वाटण्या झाल्या आणि गॉविथ हॉगार्थ नावाची दुसरी कंपनी त्याच गावात उभी राहिली. शंभराहून जास्त वर्षं दोघांनी एकाच गावात एकाच जिनसाचा धंदा केला, आणि २०१५ साली पुन्हा एक झाले. आपल्याकडे एवढ्या वेळात बांधाचे निदान तीन खटले निकालात निघाले असते. किंवा नसतेही.

या घराण्याचा ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’ हा परीक्षकांचा आवडता परीक्षार्थी. दाब आणि ऊब देऊन त्याचा रंग जवळजवळ काळपट केलेला असतो. पट्ट्या रुंद, जाड आणि ओल्या. ओल्या म्हणजे किती? तर डबा उघडल्याबरोबर ओढायला बसलेल्या माणसाने काडेपेटी संपवून शेजारच्यांकडे दुसरी मागायला जावं, इतक्या. म्हणून पट्टी आधी कागदावर पसरून ठेवायची. किती वेळ, यावर पंथ आहेत. कोणी अर्धा तास म्हणतो, कोणी रात्रभर. एक पंथ पट्टी तशीच घडी घालून पाइपात कोंबतो, दुसरा तळहातावर मळून मोकळी करतो. दोन्ही पंथ एकमेकांकडे, पोहे भिजवण्याच्या पद्धतीवरून सासू-सुनेने बघावं तसं बघतात.

मळण्याच्या बाबतीत मात्र इंग्रजांनी फार ऐट करू नये. डोंबिवलीत निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना लंडनहून आलेल्या पुतण्याने असाच एक डबा आणून दिला. काका इमारतीखालच्या बाकावर बसून मोठ्या निगुतीने पट्टी सोडवत होते. साताऱ्याकडचे वॉचमन मामा खुर्चीतून ते पाहत होते. चाळीस वर्षं अंगठा तळव्यावर फिरवलेला माणूस. काकांचा अंगठा पाहून त्यांचा जीव कासावीस झाला.

“साहेब, चुना न्हाय घेतला व्हय?”

“नाही मामा. ही जाळायची आहे.”

मामांनी थोडा वेळ विचार केला. “जाळायची कशाला?”

यावर काकांजवळ समाधानकारक उत्तर नव्हतं. त्यांनी एक चिमूट पुढे केली. मामांनी चंचीतून चुना काढला, मळलं, दोन थापट्या मारल्या, धूळ उडवली, ओठाआड ठेवलं आणि रस्त्याकडे बघत बसले. वाणसामानाची यादी निघेल या आशेने काका थांबले होते. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, “ग्वाड हाय.” आणि काही वेळाने, “पावण्यांस्नी द्यायला बरी.”

प्रयोगशाळेत नेली तर टिकेल अशी ही समीक्षा दोन शब्दांत संपते. तंबाखूच्या समीक्षकांमध्ये हा गुण दुर्मीळ आहे.

ओढण्यातही परीक्षकाची कसोटी लागते, कारण व्हर्जिनियाला घाई खपत नाही. पहिली काडी नुसती वरचा थर काळा करायला. तंबाखू फुगून वर येते, ती हलक्या हाताने दाबायची. दुसऱ्या काडीला खरा जाळ. मग घोट घोट. जोरात ओढलं की पाइप तापतो, ओलाव्याची गरम वाफ जिभेवर येते आणि जीभ सोलल्यासारखी होते. पुढचे दोन दिवस वरणभातही तिखट लागतो. असा पोळलेला माणूस ‘निकृष्ट माल’ असा शेरा मारून मोकळा होतो. त्याच डब्यातली तंबाखू, त्याच गच्चीवर, दुसरा माणूस निवांतपणे ओढतो आणि त्याला मध सापडतो. तेव्हा कुठलाही शेरा वाचताना तंबाखू किती सुकवली होती, माणूस किती भुकेला होता आणि त्याला ऑफिसला किती वाजता पोचायचं होतं, हे आधी विचारावं. भुकेला होता का, हा प्रश्न थट्टेचा नाही. रिकाम्या पोटी असा दणकट फ्लेक ओढला की निकोटिन चढतं, कपाळावर घाम येतो, पोटात ढवळतं आणि परीक्षक आडवा होतो. त्या दिवशीच्या परीक्षणात अंजीर नसतं.

त्यातून आणखी एक भानगड म्हणजे भूत. शब्द पाइपवाल्यांचाच. पाइपाचं लाकूड आधीच्या तंबाखूचा वास धरून ठेवतं, आणि केंडलच्या काही तंबाखूंना तर फुलांच्या अर्काचा असा दर्प असतो की चाहते त्याला स्वर्गीय म्हणतात आणि बाकीचे आजीच्या साबणाची वडी. त्यांतलाच एनरडेल फ्लेक एकदा ओढलेल्या पाइपात नंतर कितीही साधी व्हर्जिनिया भरली तरी आजी येतातच. परीक्षक लिहितो, “मधूनच गुलाबाची झुळूक.” गुलाब बिचारा डब्यात कधीच नव्हता. म्हणून कसलेले लोक व्हर्जिनियासाठी वेगळा पाइप ठेवतात. बायकोला सातवा पाइप का घेतला याचं देण्याजोगं हे एकमेव शास्त्रीय कारण आहे, आणि तेही सहसा चालत नाही.

नावाबद्दल म्हणाल तर डब्यातली व्हर्जिनिया व्हर्जिनियातलीच असेल याची खात्री नाही. ती ब्राझीलची असेल, झिम्बाब्वेची असेल, आंध्रची किंवा म्हैसूरकडची असेल. गुंटूरच्या मिरचीचा आपण मोठा दबदबा मानतो. तंबाखू बोर्डाचं मुख्यालय त्याच गुंटूरला आहे. निपाणीचं पान वेगळं, ते विडीचं. हुंगून देश ओळखतो म्हणणारे लोक आहेत. त्यांच्याशी पैज लावायला हरकत नाही.

आणि यादीत कधीच न येणारी एक नोंद. पाइपवाले पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत की आम्ही धूर छातीत घेत नाही, तोंडातच खेळवतो. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा प्रसिद्ध अहवाल आला. त्यात पाइपाचा आणि ओठाच्या कर्करोगाचा संबंध स्पष्ट मांडला होता. धूर तोंडातच खेळतो ना, मग तोंडाशीच हिशेब. कादंबरीकार टोल्किन कॅपस्टनचा नेव्ही कट ओढत असे आणि त्याने आपल्या महाकादंबरीच्या प्रस्तावनेत तिच्यातल्या हॉबिट लोकांच्या पाइपातल्या पाल्यावर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. पण हॉबिटांना सर्जन जनरल नव्हता.

इतकी चर्चा, इतके वास, इतके पंथ. म्हणून पाइपवाल्यांच्या जागतिक स्पर्धेत काय तपासत असतील याची उत्सुकता वाटते. तिथे चव कोणी विचारतच नाही. सगळ्यांना एकसारखे पाइप, एकच तंबाखू, प्रत्येकी ३ ग्रॅम मोजून. काड्या दोन. पेटवायला एक मिनिट. त्यानंतर ज्याचा पाइप सगळ्यात शेवटी विझेल तो जिंकला. निष्णात मंडळी ३ ग्रॅमवर तीन तास काढतात, म्हणजे तासाला ग्रॅमभर. या वेगाने जळणारी वस्तू जळते आहे की नाही याचीच शंका यावी. ती आलीच तर पंच टेबलाजवळ येऊन उभा राहतो आणि स्पर्धकाला धूर दाखवायला सांगतो. सभागृहातले सगळे वळून बघतात. स्पर्धक गाल आत ओढतो, ओढतो, आणि ओठांच्या कोपऱ्यातून काही तरी बाहेर पडतं. पंच चष्मा सावरून वाकतो. अंजीर की मनुका, हे त्याला विचारायचं नसतं.