ओर्बान बाहेर, एकमत आत

युरोपात लोकशाही संकटात आहे, असं तिथले विद्वान सांगतात. संकट कसलं, तर सत्तावीस देशांचं एकमत होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनला युरोपीय संघात घेण्याची बोलणी सुरू करायची होती आणि हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान आडवे आले. अखेर ते जरा खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी तेवढ्यात एकमत उरकून घेतलं. केवढं कौतुक झालं या युक्तीचं! एक माणूस बाहेर पाठवायला यांना शिखर परिषद लागते. आमच्या डहाणूत अख्खी किनारपट्टी बाहेर ठेवून एकमत होतं.

या मंडळींनी अभ्यासदौऱ्यावर यावंच. चर्चगेटहून डहाणू लोकल आहे. चौथ्या सीटची मात्र हमी नाही.

पहिला धडा वाढवण बंदराचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणूसाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी. पी अँड ओ कंपनी इथे बंदर बांधायला आली, तेव्हा १९९८ मध्ये प्राधिकरणाने नाही म्हटलं. कंपनी गेली. बंदर सरकारी फायलीत नांगर टाकून बसलं. धर्माधिकारी २०१९ मध्ये वारले आणि ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने हो म्हटलं. समुद्र तोच, खडक तेच, घोळ आणि शेवंडही तीच.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली. मच्छीमारांनी गाऱ्हाणं मांडलं, ते रीतसर टिपून घेतलं. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, खर्च ७६,२२० कोटी. ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला भूमिपूजनही आटोपलं. ही भूमी तेव्हा समुद्राच्या पोटातच होती. सुमारे १,४४८ हेक्टर भराव पडला की जन्माला येणार होती. आधी बारसं, मग बाळंतपण.

दुसरा धडा तलासरीचा, जरा अवघड. नाही म्हणायची इथली खोड जुनी. १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेत गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगार नाकारली होती. अशा लोकांच्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार दिले, म्हणजे विचारायलाच नको. डहाणू-तलासरीत ग्रामसभा भरल्या, हात वर झाले, ‘बुलेट ट्रेन नको’ असे ठराव लिहिले गेले. ठराव कपाटात राहिले, जमिनीची मोजणी पुढे गेली.

तसा नकार पचवण्याचा सराव युरोपलाही आहे. ग्रीसने जुलै २०१५ मध्ये ६१ टक्के मतांनी कर्जाच्या अटी नाकारल्या. आठवडाभरात त्यांच्याच सरकारने आणखी कडक अटी मान्य केल्या. ही रीत आम्हाला घरची वाटते. डेन्मार्कची मात्र उधळपट्टीच. १९९२ मध्ये लोकांनी मास्ट्रिख्ट करार नाकारला, तर त्यांना सवलती काय दिल्या, १९९३ मध्ये पुन्हा मतपेट्या काय मांडल्या! एवढा खर्च कशाला? एक समिती बदलली असती तर भागलं असतं.

आता २०२३ मध्ये दिल्लीत ठरलेल्या भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेचा माल याच वाढवणमधून न्यायचा बेत आहे. युरोप आमचं गिऱ्हाईक होणार. तेव्हा त्याने एवढं टिपून ठेवावं: डेन्मार्कच्या मतदारांना सरकारने दोनदा विचारलं. वाढवणच्या मतदारांपुढे सरकारने हा प्रश्न घेऊन मतपेटी एकदाही ठेवलेली नाही.