शूटिंगवाला कुणाकडचा?

चिकलठाण्यात राहणाऱ्याला एक मान आपोआप मिळतो. उन्हाळ्यात शहराचं तापमान म्हणून पेपरात जो आकडा छापून येतो, तो आमच्या चिकलठाण्याच्या वेधशाळेतला असतो. गुलमंडीवर कुणी सरबत पीत असो, सिडकोत कुणी कूलरला पाठ लावून झोपलेलं असो, सगळ्यांचा घाम आमच्या पाऱ्यानं मोजला जातो. अख्ख्या शहराचं ऊन एका आकड्यात मावतं आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही. मग नव्वद मिनिटांचा फुटबॉलचा अंतिम सामना पाच मिनिटांच्या हायलाइट्समध्ये मावला, तर मीच का कुरकुरावं?

कुरकुर सुरू झाली ती माझ्या पुतण्यामुळं. तो इथल्याच एमआयडीसीत कामाला. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री येतो, ताटात भाकरी घेतो, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवतो आणि जेवता जेवता कुठला तरी सामना बघतो. आख्खा बघायला वेळ नसतो, म्हणून हायलाइट्स. मलाही झोप येत नसते. त्यामुळं मी आजवर जे फुटबॉल बघितलं ते बहुतेक तांब्याच्या आधारानं आणि ठेच्याच्या वासात.

एका रात्री त्यानं इंडियन सुपर लीगचा जुना अंतिम सामना लावला. 13 मार्च 2021, गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम. करोनामुळं प्रेक्षक नाहीत, रिकाम्या खुर्च्या ओळीनं बसलेल्या. एका बाजूला मुंबई सिटी, दुसऱ्या बाजूला एटीके मोहन बागान. आमचा मुंबईशी संबंध तपोवन एक्सप्रेसपुरता, पण पुतण्या म्हणाला, "काका, आपली मुंबई." रात्री बारानंतर मुंबई आपली व्हायला हरकत नसते.

अठराव्या मिनिटाला मुंबईच्या जाहूकडून चेंडू हिसकावला गेला आणि डेव्हिड विल्यम्सनं बागानचा गोल केला. पण हायलाइट्समध्ये हा गोल गोलासारखा दिसतच नाही. सिनेमात खलनायकाची एन्ट्री असते, तसा दिसतो. जो कापायला बसलाय त्याला शेवट ठाऊक असतो ना! मग एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूनं मागून लांब चेंडू टाकला आणि बागानचा स्पॅनिश बचावपटू तिरी तो बाहेर घालवायला झेपावला. डोकं लागलं, आणि चेंडू स्वतःच्याच जाळ्यात. बरोबरी. त्यानंतर थेट नव्वदावं मिनिट. बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढं धावत आला, चेंडू त्याला सापडला नाही, तो बिपिन सिंगपर्यंत पोचला आणि मुंबई 2-1 अशी जिंकली. पुतण्यानं भाकरीचा शेवटचा घास उचलला.

मी मनात हिशेब करत बसलो. एकोणतीस ते नव्वद, म्हणजे एकसष्ट मिनिटं दोन्ही संघ अगदी बरोबरीत होते. त्या एकसष्ट मिनिटांत कुणी हरलेलं नव्हतं, कुणी जिंकलेलं नव्हतं. सामन्याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न्याय्य भाग तोच. आणि न थांबणाऱ्या एक्सप्रेसमधून आमचं चिकलठाण्याचं स्टेशन दिसावं तेवढाच तो दिसला. पाटीवरचं नाव वाचेपर्यंत गेलंसुद्धा. पूर्वार्धाच्या अखेरीला मुंबईच्या अमेय रानवडेच्या डोक्याला मार लागला, त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावं लागलं. आमच्या पाच मिनिटांत ती रुग्णवाहिकाही नव्हती. म्हणजे अन्याय हरणाऱ्यांवरच होतो असंही नाही. जो जिंकायच्या आधी पडला, तोही कापला जातो. आणि अरिंदम? त्या मोसमातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून त्याला गोल्डन ग्लोव्ह मिळाला. हायलाइट्समध्ये मात्र तो आयुष्यभर एकदाच पुढं धावत येतो आणि दर वेळी चुकतो.

खोटं काहीच दाखवलेलं नसतं, हीच तर पंचाईत आहे.

खरं तर असला एकतर्फीपणा आपल्या रक्तात नसावा. उलट आपला कल दुसरीकडं. पालखेड आमच्याच जिल्ह्यातलं, वैजापूर तालुक्यातलं. 1728 साली बाजीरावानं तिथं निजामाला असं कोंडीत पकडलं की त्याला तह करावा लागला. पण रस्त्यात कुणाला थांबवून पालखेड विचारा, तो बसची वेळ सांगेल. पानिपत विचारा, डोळ्यांत पाणी आणून तासभर बोलेल. आपण हरल्याच्या बखरी लिहिल्या, म्हणी केल्या, विश्वास त्याच रणात हरवला म्हणून अजून एकमेकांना उधारी देत नाही. ज्या माणसांनी आपल्या हरण्याचेच हायलाइट्स पिढ्यान् पिढ्या जपले, त्यांच्यातल्या एकाला तिरीचा कळवळा यावा यात नवल नाही.

कळवळ्याचं दुसरं कारण घरातलंच आहे. ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. शूटिंगवाला आम्हीच बोलावला होता, पैसे दादांनी मोजले होते. तरी त्या तीन तासांत नवरदेव घोड्यावर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. त्याचे मामा फेटा सावरतात, त्याच्या मित्रांचा नाच संपता संपत नाही. मुलीकडचे म्हणजे आम्ही, यजमान. त्यामुळं आम्ही सगळे फ्रेमच्या कडेला, हातात काही ना काही घेऊन. आणि दादा, म्हणजे वडील, एकूण चार सेकंद. पंगतीत वाकून कुणाला तरी पाणी वाढताहेत, हातात तांब्या, आणि चेहरा दिसणार एवढ्यात पडद्यावर बदामाच्या आकाराची चौकट येते आणि तिच्यातून नवरदेव हसतो. दादा गेल्यावर आम्ही त्या बदामाला किती शिव्या दिल्या असतील!

पुतण्याला हे सांगितल्यावर तो काही बोलला नाही. हात धुऊन आला आणि त्यानं दुसरा सामना लावला. 4 मे 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक. पुन्हा तेच दोन संघ, फक्त बागानच्या नावात आता एटीकेच्या जागी सुपर जायंट आलेलं. मैदान त्यांचं, पहिला गोल त्यांचा, आणि शेवटी मुंबई 3-1. बिपिननं याही वेळी गोल केला. "बघा," पुतण्या म्हणाला आणि चित्र थांबवलं. निळ्या कपड्यांच्या घोळक्यात दाढीवाला उंच माणूस हसत उभा होता. तिरी. 2023 साली तो मुंबईकडं आला होता. ज्या संघाच्या जाळ्यात घालायचा तो चेंडू त्यानं स्वतःच्या जाळ्यात घातला, त्याच संघाच्या करंडकापाशी आता तो उभा. एकाच माणसाला पुरतं बघायला दोन्हीकडच्या फिती लागल्या.

तेव्हा मला आठवलं, की नवरदेवाकडच्यांनीही आपला एक शूटिंगवाला आणला होता. ताईच्या सासरी चौकशी केली. ती कॅसेट माळ्यावर होती. भाऊजींनी ती जालन्याहून कशावर तरी उतरवून आणली. आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो, आई सगळ्यात पुढं. त्यांच्या माणसाला वऱ्हाडातलं कोण कोण हे ठाऊक होतं, आमच्याकडचं कुणीच ओळखीचं नव्हतं; त्यामुळं समोर येईल ते तो टिपत गेलेला. आणि त्याच्या समोर सतत दादा येत होते. दारात हात जोडून उभे दादा. आचाऱ्याशी हळू आवाजात भांडणारे दादा. भाऊजींच्या आत्याला खुर्ची देऊन स्वतः खांबाला टेकलेले दादा. पंगती उठल्यावर रिकाम्या मांडवात, तांब्या उपडा करून त्यातलं उरलेलं पाणी घटाघटा पिणारे दादा.

"मागं घे जरा," आई म्हणाली.

भाऊजींनी मागं घेतलं. दादांनी पुन्हा तांब्या उचलला.

"अजून मागं."