ट्रोपोनिन, नग २

आमच्या शेजारचे नाना छातीत जळजळतंय म्हणून रात्री ॲडमिट झाले आणि तिसऱ्या दिवशी 'गॅसेस' घेऊन पंचवटीत परतले. सोबत पित्ताच्या गोळ्या, मिसळ बंदचा लेखी हुकूम (नाशिककराला याहून कडक शिक्षा नाही) आणि वीतभर फाईल.

मेडिक्लेमसाठी ती माझ्याकडे आली. बिल चार पानी. हातमोजे इतके, कापूस इतका, आणि मध्येच 'ट्रोपोनिन, नग २'.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण लगेच नाही. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी काही तासांनी पुन्हा रक्त काढतात. नानांचंही काढलं. पहिला नॉर्मल. दुसरा पहाटे पाचचा, आकडा ठळक, शेजारी वर जाणारा बाण. ज्यांनी मागवला ते डॉक्टर ड्युटी संपवून घरी. डिस्चार्ज कार्डावर : 'ट्रोपोनिन नॉर्मल'.

म्हणजे दुसरा नग फक्त बिलाने वाचला. पाळी बदलली म्हणून बिल कधी काही विसरत नाही. तेव्हा माझी सूचना अशी, की सकाळच्या राउंडला केसपेपर नेऊच नये, बिल न्यावं. 'ट्रोपोनिन दोनदा का हो?' एवढं कुणी विचारलं असतं तरी पुरे होतं. कापूस मोजणाऱ्या मुलीलाच गळ्यात स्टेथोस्कोप घालून पाठवा, ती एक नग सोडणार नाही. गेटवरचा वॉचमनही चालेल. त्याने नानांच्या गेटपासवरची सही पुसट आहे म्हणून त्यांना तशा छातीनिशी पुन्हा दुसऱ्या मजल्यावर पिटाळलं होतं. कागद कसा वाचावा हे त्या इमारतीत त्याला कळतं! मी फोन केला, तर उत्तर आलं, 'रिपोर्ट सिस्टिमला टाकलेला आहे.' अहो, सिस्टिमच्या छातीत दुखत होतं का? पार्किंगमध्ये पाटी असते ना, 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत', तीच आता वॉर्डात लावा आणि मोकळे व्हा.

नानांना त्याच संध्याकाळी रिक्षात घालून दुसरीकडे नेलं. स्टेंट पडला.

तुमचं माणूस घरी आणताना एकच विचारा : 'शेवटचा रिपोर्ट कोणी पाहिला?' नाव कळेपर्यंत खुर्ची सोडू नका. खुर्चीचे पैसे बिलात लागले तर लागू देत.