वाद नको, फुलं वाहा

चीनमध्ये सरकारची तळी उचलणाऱ्याला पोस्टमागे अर्धा युआन मिळतो, ही जुनी वदंता. २०१४ मध्ये जियांगशी प्रांतातल्या झांगगोंगच्या इंटरनेट प्रचार कार्यालयाचे ईमेल फुटले आणि पोस्टी टाकणारे बहुतेक सरकारी कर्मचारीच निघाले. म्हणजे पगारातच भागवलेलं! हार्वर्डच्या गॅरी किंग आणि सहकाऱ्यांचा अंदाज: देशभरात वर्षाला ४४ कोटी ८० लाख पोस्टी. पण टीकाकारांशी हुज्जत? छे! कुठे असंतोष धुमसला की छिंगमिंग या पितरांच्या सणाचं निमित्त साधून हुतात्म्यांना आदरांजली वाहायची, देशाची प्रगती गायची. सोसायटीच्या ग्रुपवर हिशेब मागितला की सेक्रेटरी गुलाबाच्या फुलासह ‘सुप्रभात’ टाकतो, तसं. फक्त त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक गुलाबाचा अहवाल वर पाठवावा लागतो.