तिसरं मूळ

आमच्या कुळवृत्तांतात आमच्या शाखेला अर्धं पान मिळालंय आणि त्यातही ‘अधिक माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य फार वेळा येतं. अशा घराण्यातल्या माणसाला दातांच्या डॉक्टरबाई एकदम म्हणाल्या, “अय्या, काय सुंदर दाढ आहे हो तुमची!” सुंदर म्हणावा असा अवयव माझ्यात अखेर सापडला, तोही किडलेला.

खालच्या पहिल्या दाढेला एरवी दोन मुळं असतात. माझ्या दाढेला जिभेच्या बाजूने तिसरं निघालं. सरळ काढलेल्या एक्स-रेत ते मागच्या मुळाआड दडतं, म्हणून बाईंनी यंत्र तिरकं करून पुन्हा फोटो काढला. 1844 मध्ये काराबेली नावाच्या गृहस्थांनी याची नोंद केली. नाव ‘रॅडिक्स एन्टोमोलॅरिस’. ते बाईंनी बारशाला आलेल्या आत्याच्या कौतुकाने उच्चारलं. मग मदतनीस मुलगी पाहून गेली, शेजारच्या खोलीतले डॉक्टरही आले. ठणका माझा होता, कौतुक मुळाचं.

रूट कॅनालसाठी तोंडात रबराचा पडदा, म्हणजे रबर डॅम, लावला की पेशंटचं बोलणं संपतं आणि डॉक्टरचं सुरू होतं. या तिसऱ्या मुळातली नळी न सापडता राहिली तर जंतू आत मजेत राहतात आणि कॅप बसवूनही दाढ पुन्हा ठणकते. शिवाय हे मूळ गालाकडे वळतं, त्यामुळे जाड फाइल घुसवली तर ती आतच मोडायची. बाई केसाएवढी बारीक फाइल हळूहळू सरकवत होत्या आणि त्याच हाताने इतिहासही सांगत होत्या. चिनी, जपानी, एस्किमो लोकांत हे मूळ बरंच आढळतं. 1980 मध्ये तिबेटच्या पठारावरच्या एका गुहेत एका भिक्खूला जबडा सापडला, निदान 1,60,000 वर्षांपूर्वीचा, डेनिसोव्हा नावाच्या नामशेष मानवाचा. त्याच्या दुसऱ्या दाढेला तीन मुळं. 2019 मध्ये काही संशोधक म्हणाले, आशियातलं तिसरं मूळ यांच्याकडूनच आलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. मी “आँ” म्हणालो. बाईंना तो होकार वाटला.

कुळवृत्तांताची नवी आवृत्ती आमचे काका काढतायत. अर्धं तोंड बधिर असताना मी त्यांना ही हकीकत फोनवर सांगितली. प्रथम ते भडकले. “आपण गुहागरचे! तिबेटचा काय संबंध?” मग संशोधकांत वाद आहे हे कळल्यावर जरा निवळले. “वाद आहे म्हणतोस? मग भाऊबंदच असतील.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“त्या जबड्याचं गोत्र?”

“नाही ना कळलं, काका.”

“मग काश्यप लावतात. पुढे बोल, मुलंबाळं किती?”