‘नो-रिप्लाय’ महाशयांस अनावृत पत्र

माजिवडा, ठाणे.

श्री. नो-रिप्लाय महाशय यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या गृहनिर्माण संस्थेची मासिक देयके व थकबाकीदारांची यादी मध्यरात्रीच्या सुमारास, कोणाही कारकुनाची झोपमोड न करता, सभासदांकडे रवाना करण्याची जी कामगिरी आपण बजावीत आहात तिजबद्दल संस्थेच्या वतीने आपले आभार मानावेत असा मानस होता. परंतु आपल्या पत्त्यावर आलेले उत्तर वाचण्याची तजवीजच आपल्या धन्यांनी केलेली नसल्यामुळे ही कृतज्ञता चव्हाट्यावर व्यक्त करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आपल्या ई-पत्राचा मजकूर निर्मळ मराठीत असतो. सोबतची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की मात्र आमच्या गावाचे जे होते ते प्रेक्षणीय असते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. ‘माजिवडा’ या नावात काने-वेलांटी धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. ते एकवीसही आपण इमानेइतबारे पोचवता, पण त्यांची लिपी कोणती याविषयी कडकडीत मौन पाळता. आणि मग एक्सेल बिचारे त्यांस युरोपीय विंडोज-१२५२ संकेताची प्रजा समजून दर बाइटास एक अक्षर या हिशेबाने मांडून मोकळे होते. ‘म’चा तिसरा बाइट नोंदणीकृत व्यापारचिन्ह होतो, वेलांटीचा उलटे स्पॅनिश प्रश्नचिन्ह, आणि कान्याचा तर चक्क पाऊण! देयकावर असे दोन पाऊण पाहून एका वयोवृद्ध सभासदांनी हा अधिभार कोणत्या ठरावान्वये लावला, अशी लेखी पृच्छा केली आहे.

ज्या १९८२ साली ठाण्याची महानगरपालिका झाली त्याच साली ई-टपालाचा एसएमटीपी हा कायदा ठरला, आणि त्यात सात बिटांच्या रोमन अक्षरांपलीकडच्या जगाची दखल नव्हती, हे मान्य. परंतु १९९२ च्या माइम संकेताने पत्राच्या प्रत्येक भागास स्वतंत्र मायना व त्यात लिपीसंकेत नमूद करण्याची सोय दिली. १९९७ साली फाइलीच्या नावासाठीही नियम झाला. आपण स्वतःच्या मजकुराचा मायना काटेकोर लिहिता आणि जोडपत्रास मात्र अनाथ सोडता, यास संस्थेच्या दप्तरी काय शेरा मारावा?

तेव्हा जोडपत्राच्या मायन्यात ‘कॅरसेट यूटीएफ-८’ एवढे लिहावे. आणि फाइल एकदा उतरवून घेतली की एक्सेल तो मायना पाहतही नाही, म्हणून सीएसव्हीच्या प्रारंभी बीओएम नामक तीन बाइटांची खूणही ठेवावी. शुद्धिवाद्यांस ही खूण अनावश्यक वाटते. त्यांनी एकदा आमची थकबाकी वसूल करून दाखवावी.

कारण यादीतील सर्वांत जुने थकबाकीदार आता म्हणू लागले आहेत की, या अक्षरांत माझे नाव कोठे आहे ते दाखवा, मग व्याजाचे बोलू. आणि हा युक्तिवाद उपनिबंधकांसमोर टिकेल अशी आम्हांस रास्त धास्ती आहे.

कळावे,
मानद सचिव